🍙 ही सुशी नव्हे: ओनिगिरी नेमकी कुठे बिघडते आणि कशी जमवायची

मागे आमच्या जपानी शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर एकीने फोटो टाकला. ताटात भाताचे सहा ढिगारे, त्यांवर ओल्या होऊन लोंबणाऱ्या काळ्या पट्ट्या आणि खाली लिहिलेलं: ‘सुशी केली 🍙’. एवढ्याशा मजकुरात तीन चुका. खालचं 🍙 हे चित्र सुशीचं नव्हतं, ताटात सुशी नव्हती आणि भातात व्हिनेगर-साखर पडल्यामुळे ती धड ओनिगिरीही, म्हणजे मीठ लावून हाताने वळलेला साध्या भाताचा जपानी त्रिकोणही, राहिली नव्हती.

ती एकटी नाही. महिन्यातून दोनदा तरी कुणी ना कुणी विचारतं, ‘माझे त्रिकोण फुटतात, काय करू?’ प्रश्न वळण्याबद्दल असतो, पण चूक बहुतेक वेळा दोन तास आधी, तांदळाच्या डब्यापाशी झालेली असते. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे. क्रम मोडू नका. या पदार्थात साहित्य चारच आहे, त्यामुळे चूक झाकायला मसाला हाताशी नसतो.

१. आधी चित्र वाचा

फोनमधलं 🍙 नीट मोठं करून बघा. पांढरा त्रिकोण आणि खालच्या कडेला काळी पट्टी. २०१० साली युनिकोडच्या, म्हणजे अक्षरं आणि इमोजींच्या जागतिक यादीच्या, ६.० आवृत्तीत हे चित्र ‘राइस बॉल’ या नावाने आलं, आणि ते ‘बॉल’ वाचूनच आपल्याकडे गोंधळ सुरू होतो. पदार्थाचं नाव ओनिगिरी, दुसरं नाव ओमुसुबी. ‘निगिरु’ म्हणजे मुठीत धरून दाबणं. सुशीतला ‘निगिरी’ हा प्रकारही त्याच क्रियापदावरून आला. नावं सख्ख्या बहिणींची, पण घरं वेगळी.

चित्रातल्या तीन गोष्टी म्हणजे तीन सूचना आहेत:

पांढरा रंग: साधा भात आणि मीठ. व्हिनेगर नाही, साखर नाही, फोडणी तर नाहीच. व्हिनेगरचा भात सुशीचा, आणि त्याचं चित्र 🍣.

त्रिकोण: साचा लागत नाही. दोन तळव्यांच्या खोबणीत भात फिरवला की हा आकार आपोआप येतो. कसा, ते पुढे सहाव्या टप्प्यात.

खालची पट्टी: ती नोरी, म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळाचं कागदासारखं पान. खालीच का? तिथे बोटं धरायची असतात. भात हाताला चिकटू नये म्हणून केलेली ती मूठ आहे.

शेजारची चित्रं यात मिसळू नका. 🍘 हेही नोरी लावलेलं असतं, पण ती सेनबेई, तांदळाची भाजलेली कुरकुरीत चकती. 🍚 म्हणजे वाडगाभर भात. 🍥 दिसतं गोड वडीसारखं, पण ती नारुतोमाकी, माशाच्या लगद्याची वडी. एका काकूंनी चतुर्थीच्या शुभेच्छांपुढे ती चार वेळा चिकटवली होती. मी काही बोलले नाही.

२. तांदूळ: इथे चुकलात तर पुढचं वाचू नका

बासमती नको. कोलम नको. आपल्याला सवय मोकळ्या भाताची, आणि ‘भात कसा फुलासारखा मोकळा झालाय’ हे आपलं कौतुक. ओनिगिरीला नेमकं उलटं हवं. मी पहिल्या खेपेला घरातला जुना कोलम वापरला. वळताना त्रिकोण दिसला, ताटात ठेवला तसा हळूहळू बसला, आणि पाहुणे येईपर्यंत त्याची रास झाली.

कारण सरळ आहे. तांदळातल्या स्टार्चमध्ये दोन घटक असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असलेला दाणा सुटा राहतो, अमायलोपेक्टिन जास्त असलेला एकमेकांना धरतो. जपानमध्ये आखूड, जाड दाण्याचा तांदूळ वापरतात. कोशिहिकारी हा त्यातला सर्वांत परिचित वाण. आपल्याकडे काही आयात मालाच्या दुकानांत आणि ऑनलाइन ‘सुशी राइस’ म्हणून असा तांदूळ मिळतो, पण किंमत ऐकून रोज करावासा वाटत नाही.

पर्याय घरातच आहे: इंद्रायणी. मावळातला हा तांदूळ मुळातच चिकट, सुवासिक आणि मऊ. त्याच्या वासामुळे चव जपानी राहत नाही, हे कबूल. पण पकड उत्तम येते, आणि माझ्या मते मिठाच्या साध्या ओनिगिरीत तो वास शोभतोच. आंबेमोहरही चालतो, मात्र दाणा बारीक असल्याने तो लवकर गिजगा होतो. पहिल्या प्रयत्नाला इंद्रायणीच घ्या.

> सावधान: पाकिटावर ‘ग्लुटिनस राइस’ किंवा ‘स्टिकी राइस’ लिहिलेलं असेल तर ते ठेवून द्या. तो मोचीचा, म्हणजे चिवट जपानी भातगोळ्यांचा, तांदूळ. ‘चिकट हवा ना, मग हा सगळ्यात चिकट’ असं म्हणून तोच आणणारे बरेच आहेत. त्याची ओनिगिरी दातांना चिकटते आणि गार झाली की रबर.

शक्यतो नवा किंवा वर्षाच्या आतला तांदूळ घ्या. जुना तांदूळ पुलावाला चांगला, इथे त्याचं जुनेपण आडवं येतं.

३. भात चढवण्याआधी सगळं मांडून ठेवा

ओनिगिरी गरम भाताचीच वळायची असते. भात तयार झाल्यावर लोणच्याची बरणी शोधत बसलात तर वेळ गेली. म्हणून कुकर किंवा पातेलं गॅसवर जायच्या आधी ओट्यावर हे हवं:

– पसरट लाकडी काथवट. नसेल तर परात. काथवट वाफेचं पाणी शोषते, स्टीलच्या परातीत ते खाली साचतं, म्हणून परातीत भात जास्त वेळ ठेवायचा नाही.
– लाकडी उलथणं किंवा पसरट चमचा, पाण्यात बुडवून ठेवलेला.
– वाटीत पाणी, बशीत बारीक मीठ.
– सारण, गार आणि कोरडं.
– नोरीच्या पट्ट्या कापून, बंद डब्यात.
– एक स्वच्छ ओला पंचा, घट्ट पिळलेला.
– हातांऐवजी वापरायचा असेल तर अन्नाला चालणारा प्लॅस्टिक पेपर.

हाताला जखम, कापलेलं, पिकलेली नखुरडी असेल तर उघड्या हाताने वळूच नका. जपानमध्ये ओनिगिरीतून होणाऱ्या विषबाधेत हाताच्या त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू नेहमीचा आरोपी आहे. त्याचं विष एकदा तयार झालं की पुन्हा गरम करूनही जात नाही. अशा वेळी प्लॅस्टिक पेपर घ्या. अंगठ्याही काढा.

४. धुणं, भिजवणं, शिजवणं

प्रमाण सहा नगांचं: दोन वाट्या तांदूळ, वाटी साधारण १८० मिलिलिटरची. तांदूळ भरतो ३०० ग्रॅमच्या आसपास, भात होतो ७०० ग्रॅमच्या आसपास. एका ओनिगिरीला १०० ते ११० ग्रॅम भात. वजनकाटा नसेल तर आमटीची वाटी पाऊण भरली की एक नग.

पहिलं पाणी घाला, दोनदा हात फिरवा आणि लगेच ओता. कोरडा तांदूळ पहिलं पाणी भराभर पितो, आणि ते पाणी कोंड्याच्या वासाचं असतं. मग तीन-चार पाण्यांनी, बोटं सैल ठेवून धुवा. चोळू नका, इंद्रायणीचा दाणा तुटतो. पाणी अगदी नितळ व्हायला हवं असंही नाही. तळाचा दाणा अंधुक दिसला की पुरे.

आता भिजवणं. उन्हाळ्यात ३० मिनिटं, थंडीत तासभर. हा टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो. ‘आपण कुठे रोजचा तांदूळ भिजवतो’ हे खरं आहे, पण रोजचा भात आमटीत कालवला जातो, इथे दाण्याच्या मधोमध पाणी पोचलेलं लागतं. न भिजवलेला दाणा बाहेरून मऊ आणि आत कणीदार राहतो. मग वळताना जोर लावावा लागतो आणि जोर लावला की बाहेरचा थर लगदा होतो.

> तपासा: भिजलेला दाणा पूर्ण पांढरा, अपारदर्शक दिसतो आणि दोन नखांत सहज मोडतो. काचेसारखा दिसत असेल तर अजून दहा मिनिटं.

तांदूळ चाळणीत निथळा. इंद्रायणीला मी दीडपट पाणी घेते: दोन वाट्या तांदळाला तीन वाट्या, आणि नवा तांदूळ असेल तर त्यातलं पाव वाटी कमी. घरी मऊ भातासाठी दुप्पट घालतो, ते इथे नको. आयात केलेल्या जपानी तांदळाला सव्वापटीपेक्षा थोडं कमीच पुरतं.

जाड बुडाचं पातेलं, घट्ट झाकण. मध्यम आचेवर उकळी येऊ द्या, मग आच अगदी बारीक करून १२ मिनिटं. झाकण उघडायचं नाही. गॅस बंद केल्यावर आणखी १० मिनिटं तसंच. कुकर वापरायचाच असेल तर पाणी आणखी थोडं कमी करून एक शिट्टी, मग बारीक आचेवर ५ मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. चमच्याने शिट्टी उचलून वाफ सोडलीत तर वरचा थर ओला आणि खालचा कोरडा अशी दुभंगलेली अवस्था होते.

मीठ, तेल, तूप यांतलं शिजवताना काहीही घालायचं नाही. तुपाचा तर थेंबही नको. स्निग्ध झालेला दाणा दाण्याला धरत नाही. यावर आमच्या घरी एकदा वाद झाला होता. तूप जिंकलं, ओनिगिरी हरली, आणि आम्ही तो भात मेतकूट घालून खाल्ला. तोही छानच लागला, पण तो वेगळा लेख.

झाकण उघडल्यावर ओल्या उलथण्याने भात कडेपासून सोडवा आणि कापल्यासारखा खालवर करा. घोटू नका. काथवटीत पसरून दोन-तीन मिनिटं वाफ जाऊ द्या, वरून ओला पंचा झाका. पंख्याखाली ठेवू नका, वरचे दाणे वाळतात.

५. सारण: थोडं, खारट, कोरडं

सारण म्हणजे एक छोटा चमचा, दहा ग्रॅमच्या आत. पुरणपोळीचा हिशेब इथे लावू नका. सारण जास्त झालं की त्रिकोण शिवणीतून फुटतो.

जपानमध्ये ठरलेली सारणं म्हणजे उमेबोशी (खारवून वाळवलेलं आंबट फळ, जर्दाळूच्या जातीतलं), खारवून भाजलेला सॅमन मासा, सोया सॉसमध्ये आटवलेलं कोम्बू शेवाळ, मेयोनेजमध्ये कालवलेला डब्यातला ट्यूना. उमेबोशी इथे सहज मिळत नाही, पण तिचं काम आपल्याकडचं मिठातलं लिंबू चोख करतं. तेच ते, तेल न घालता मीठ-साखरेत मुरवलेलं, उपवासाला चालणारं. बिया काढा, साल बारीक चिरा, रस निपटा. मासे खाणाऱ्यांसाठी मीठ लावून तव्यावर भाजलेला रावस, काटे काढून कुस्करलेला. किंवा कोरडा भाजून चुरलेला जवळा.

चालत नाही ते: तेलातलं लोणचं, रस्सेदार भाजी, ओली चटणी, टोमॅटो. तेल भाताच्या आतून पसरतं आणि दहा मिनिटांत पोकळी सुटते. तेलाच्या लोणच्याचाच आग्रह असेल तर फोड टिपकागदावर दाबून घ्या. कोरडा ठेचा चालतो, मात्र सांगून द्या. पांढऱ्याशुभ्र त्रिकोणाच्या पोटातून अचानक मिरची निघाली की माणूस पुन्हा तुमच्या हातची ओनिगिरी खात नाही.

ट्यूनाचा डबा उघडल्यावर मासा मुठीत घट्ट पिळा, मगच मेयोनेज. आणि ते बेतानेच.

६. वळणं

आता मुख्य काम. आपल्या हाताची अडचण अशी की तो लाडू वळायला सरावलेला आहे. लाडवाला मूठ आवळावी लागते, बोटांच्या खुणा उमटेपर्यंत. ओनिगिरीला तसं केलंत तर आतला भात पिठाचा गोळा होतो. बाहेरून घट्ट आणि आतून सैल, असं हवं: हातात धरली तर मोडू नये, तोंडात गेली की दाणे सुटे व्हावेत.

अ) दोन्ही तळवे ओले करा आणि झटका. पाणी टपकत असेल तर ते जास्त झालं. जास्त पाण्याने वरचा थर पचपचीत होतो आणि पदार्थ लवकर उतरतो.

आ) दोन बोटांच्या चिमटीत येईल तेवढं मीठ एका तळव्यावर घेऊन दोन्हींवर चोळा. एका नगाला सुमारे एक ग्रॅम. आपलं आयोडीनयुक्त मीठ फार बारीक असतं, चिमटीत जास्त मावतं, तेव्हा पहिली ओनिगिरी स्वतः खाऊन बघा. प्लॅस्टिक पेपरने वळणार असाल तर हाताला मीठ लावता येत नाही. मग सगळ्या भातावर एक सपाट छोटा चमचा मीठ भुरभुरून आधीच हलक्या हाताने मिसळा.

इ) डाव्या तळव्यावर पाऊण वाटी गरम भात घ्या. चटका बसतो, पण अगदीच सोसवत नसेल तर एक मिनिट थांबा, पाच नको. मधोमध अंगठ्याने खळगा, त्यात सारण, कडेचा भात वर ओढून झाका. सारण बाजूने डोकावत असेल तर तिथे चार दाणे चिकटवा.

ई) आता दोन्ही हातांचं काम वेगळं. डावा तळवा पाळणा: चार बोटं सपाट, खालून आधार. त्याने ओनिगिरीची जाडी ठरते. उजवा तळवा छप्पर: बोटं एकत्र, मधल्या सांध्यात वाकवून कौलारू घराच्या उतारासारखी. त्याने टोक येतं. उजव्याने वरून हलकं दाबा, सोडा, ओनिगिरी एक तृतीयांश फिरवा, पुन्हा दाबा. तीन दाबांत तिन्ही टोकं येतात. अशा दोन, फार तर तीन फेऱ्या.

एवढंच. नवव्या दाबाच्या पुढे जाऊ नका. ‘अजून जरा सुबक’ करायच्या नादात सगळे तिथेच फसतात. माझ्या जपानी बाई वर्गात मोठ्याने मोजायच्या, आणि आकडा दहावर गेला की विद्यार्थ्याच्या हातातून ती काढून घ्यायच्या.

> तपासा: एका टोकाला धरून उचला. वाकली पण मोडली नाही, तर बरोबर. वाकलीच नाही, तर जास्त दाबली. दाणे गळाले, तर भात गार झाला होता किंवा पाणी कमी पडलं.

हात बसेपर्यंत वाटीची युक्ती वापरा. वाटीत प्लॅस्टिक पेपर अंथरा, अर्धा भात, सारण, उरलेला भात, मग पेपरची चारही टोकं पिळून गोळा बाहेर काढा आणि पेपरवरूनच तीन बाजूंनी दाबा. दिसायला तेवढी छान येत नाही, पण पहिल्या दिवशी डबा भरायला हीच पद्धत उपयोगी.

आता एक गोष्ट, जी जपानी पुस्तकात सापडणार नाही. ओनिगिरी गोल किंवा दंडगोलही करतात, आणि वर काळे तीळ लावणं तिकडे अगदी रोजचं. पण मराठी घरात भाताचा गोल गोळा आणि त्यावर काळे तीळ म्हणजे काय दिसतं, ते वेगळं सांगायला नको. माझ्या सासूबाईंनी ताट बघितलं, क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘हे कुणाचं?’ घरात वडीलधारी माणसं असतील तर त्रिकोणच करा, आणि तीळ लावायचे तर पांढरे, भाजून.

७. नोरी लावायची कधी

पान साधारण २१ बाय १९ सेंटिमीटरचं असतं. चकाकती बाजू बाहेर, खरखरीत बाजू भाताला. इमोजीतल्यासारखी पट्टी हवी असेल तर तीन ते चार सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब कापा. ती खालच्या कडेच्या मधोमध, पुढून मागे. पूर्ण गुंडाळायची असेल तर पानाचे तीन उभे भाग करा.

कात्री आणि हात कोरडे हवेत. पावसाळ्यात उघडलेलं पाकीट दोन दिवसांत चामड्यासारखं होतं, म्हणून आतली सिलिका जेलची पुडी टाकू नका, घट्ट डब्यात पुडीसकट ठेवा. मऊ पडलेली नोरी बारीक गॅसच्या आचेपासून वीतभर वर दोन-तीन सेकंद फिरवली की पुन्हा कडक होते.

लावायची वेळ दोन प्रकारची, आणि दोन्ही बरोबर. कुरकुरीत आवडत असेल तर खाताना, एकेक. भाताला चिकटून मऊ झालेली आवडत असेल तर वळल्यावर वाफ पूर्ण गेल्यावर. चूक ती तिसरी वेळ: वाफाळत्या भातावर लावून लगेच डबा बंद करणं. त्याने ती ना कुरकुरीत राहते ना मऊ, नुसती ओढल्यावर लांबते. वरच्या फोटोतल्या लोंबत्या पट्ट्या तिथूनच आलेल्या.

८. डबा, प्रवास, फ्रीज

वळलेल्या ओनिगिरी पूर्ण गार होईपर्यंत झाकू नका. झाकणाला धरलेलं पाणी परत भातावरच पडतं. गार झाल्या की एकेक वेगळी गुंडाळा.

भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानंतरही टिकतात आणि कोमट भातात वाढीला लागतात. म्हणून आपल्या हवेत नियम कडक ठेवा: बाहेर फार तर दोन तास, आणि पारा बत्तीस अंशांच्या वर असेल तर एकच तास. त्याहून लांबचा प्रवास असेल तर बर्फाची पिशवी लावलेला डबा, आणि सारण लिंबाचंच. मीठ आणि आंबटपणा थोडी मदत करतात, पण एप्रिलमधल्या गाडीच्या डिकीपुढे त्यांचंही काही चालत नाही.

उरलेल्या फ्रीजमध्ये ठेवल्या की दगड होतात. थंडाव्यात भातातला स्टार्च पुन्हा आवळला जातो, तोच शिळ्या भाताचा कडकपणा. ठेवायच्याच असतील तर वळल्या-वळल्या, नोरी न लावता, कोमट असतानाच घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा. महिनाभर चालतात. खाताना थेट मायक्रोवेव्हमध्ये गरम करा. ओट्यावर ठेवून वितळवू नका, तुकडे पडतात. मेयोनेजची मात्र फ्रीझरमध्ये नको, मेयोनेज फुटतं.

फ्रीजमध्ये कडक झालेलीच हाती असेल तर तव्यावर दोन्ही बाजू खरपूस करा आणि शेवटी ब्रशने सोया सॉस लावा. ही याकी ओनिगिरी. सॉस आधी लावलात तर तो करपतो आणि आत भात गारच राहतो.

९. जपानमध्ये विकतची उघडताना

तिकडे गेलेल्यांचा हमखास प्रसंग: दुकानातली ओनिगिरी पिशवीसारखी वरून फाडली, नोरी अर्धी प्लॅस्टिकमध्ये अडकली, भात हातात आला. त्या वेष्टनात भात आणि नोरी यांच्यामध्ये आणखी एक पातळ थर असतो, नोरी कोरडी राहावी म्हणून. म्हणून त्यावर १, २, ३ आकडे छापलेले असतात. आधी १: वरच्या टोकाची पट्टी खाली ओढत मागून पूर्ण फेरी, म्हणजे वेष्टनाचे दोन भाग होतात. मग २ आणि ३: दोन कोपरे, एकेक करून, बाजूला ओढायचे. दोन्ही एकदम नाही, एका हाताने त्रिकोण धरून.

शाकाहारी असाल तर चित्रावर विसंबू नका, कारण पोटात काय आहे ते बाहेरून दिसत नाही. नुसत्या मिठाची ‘शिओ’ आणि उमेबोशीची हे त्यातले बरे पर्याय. कोम्बू हे शेवाळ असलं तरी ते बऱ्याचदा माशाच्या अर्कात शिजवलेलं असतं, तेव्हा घटकांची यादी फोनवर भाषांतर करून बघा. उमेबोशीचीही बघा. आणि तिच्यात बी असू शकते, पहिला घास जपून.

१०. मेसेजमध्ये 🍙

हे चित्र मेजवानीचं नाही, डब्याचं आहे. सहल, प्रवास, शाळेचा खेळाचा दिवस, कामाच्या मधली सुटी, घाईत खाल्लेलं जेवण, कुणीतरी हाताने करून दिलेलं काहीतरी. ‘डबा भरला’, ‘वाटेत खाऊ’, ‘जेवलास का’ यांच्यापुढे ते बरोबर बसतं. पूर्ण डबा दाखवायचा तर 🍱. वरण-भातासाठी 🍚 वापरा, 🍛 नको. ते जपानी करी राइसचं चित्र आहे, त्या करीत बहुधा मांस असतं. गणेशोत्सवात मला दरवर्षी दोन-तीन 🍙 मोदक म्हणून येतात. आकार बघून पाठवलेले असतात, पण मोदकाला काळी पट्टी कशी, हा प्रश्न पाठवणाऱ्याला पडत नाही. मोदकासाठी 🥟 पाठवणाऱ्यांनीही जरा थांबावं, त्या करंजीत बहुतेक ठिकाणी खिमा असतो.

वेगवेगळ्या फोनवर छटा थोडी बदलते, त्रिकोण आणि पट्टी तीच राहतात. जपानी कीबोर्डवर ‘ओनिगिरी’ उमटवलं की ते सुचवलं जातं. इंग्रजी कीबोर्डवर ‘राइस बॉल’ शोधा, ‘सुशी’ शोधलंत तर दुसरंच हाती येईल.

आमच्या त्याच ग्रुपवर आता शनिवारी रात्री एवढाच मेसेज येतो: ‘🍙×६, अतकरवाडी, सव्वासहा’. म्हणजे उद्या सिंहगड, डबा माझ्याकडे. पाठवणारी तीच, सुशीवाली. मागच्या आठवड्यात तिने पुढे एक ओळ जोडली होती: ‘मिठातलं लिंबू संपलंय, कुणाकडे आहे का?’